ब्राउझर-चाचण्या कधी पास, कधी नापास : नेमके थांबायचे कशासाठी?

पायवाट (धागा)

नमस्कार.

गेली दोन वर्षे आमचा चार जणांचा गट एका वेब ॲप्लिकेशनच्या चाचण्या कोडमधून ब्राउझर चालवून करतो आहे. त्याआधी प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर पडण्यापूर्वी हेच काम आम्ही हाताने करत असू. लॉगिन करायचे, अर्ज भरायचा, फाइल चढवायची, मग यादीत ती नोंद दिसते की नाही ते पाहायचे. त्यात दोन पूर्ण दिवस जात. आता तेच काम सेलेनियम या ब्राउझर चालवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने रात्री आपोआप होते आणि सकाळी अहवाल समोर असतो. चाचण्यांची संख्या ३१०च्या आसपास आहे.

अडचण अशी, की रोज सकाळी त्यांतल्या पाच-सात चाचण्या नापास झालेल्या असतात आणि त्या रोज वेगळ्या असतात. काल जी पडली ती आज पास होते, आज जी पडली ती पुन्हा चालवली की व्यवस्थित पार पडते. मधल्या काळात कोडच्या एका ओळीतही बदल झालेला नसतो. अशा चाचण्यांना फ्लेकी म्हणतात हे मला माहीत आहे, पण त्यांच्या मुळाशी काय आहे याचा थांग लागत नाही.

त्यामुळे गटात आता अशी सवय पडली आहे की अहवालात लाल रंग दिसला की सर्वांत आधी "पुन्हा चालवा" असेच म्हटले जाते. या सवयीची किंमत आम्ही गेल्या महिन्यात मोजली. अर्ज जतन करण्याची एक चाचणी आठवड्यात तीनदा नापास झाली होती. आम्ही ती नेहमीप्रमाणे फ्लेकी समजून सोडून दिली आणि त्यानंतर काही दिवसांनी वापरकर्त्यांच्या तक्रारी आल्या की बटण दाबूनही कधी कधी अर्ज जतन होत नाही. चाचणी आम्हाला काहीतरी सांगत होती आणि आम्ही तिचे ऐकले नाही, ही गोष्ट मला फार लागली आहे.

आमच्या कोडमध्ये १९० ठिकाणी स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ नुसते थांबण्याची सूचना, आहे, बहुतेक जागी तीन सेकंदांचा. गटातील दोघांचे मत आहे की सेलेनियम सोडून प्लेराइट या तशाच दुसऱ्या साधनाकडे वळावे. मला मात्र अशी शंका आहे की दोष साधनात नसून आमच्या लिहिण्यात आहे, आणि तसे असेल तर तो दोष आम्ही नव्या साधनातही सोबत घेऊन जाऊ. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शोधयात्री

तुमची शंका बरोबर आहे. स्लीपच्या १९० जागा हा या दुखण्याचा मोठा भाग आहे, पण त्या सरसकट पुसून टाकण्याआधी त्या तिथे का आल्या ते समजून घ्यायला हवे, कारण त्यांतली प्रत्येक जागा म्हणजे कुणालातरी आलेल्या एका खऱ्या अडचणीवर त्या दिवशी काढलेली तात्पुरती वाट आहे.

सेलेनियममध्ये तुमचा कोड ब्राउझरच्या आत चालत नाही. "या बटणावर क्लिक कर" असे तुम्ही लिहिता तेव्हा तुमच्या प्रोग्राममधून एक एचटीटीपी विनंती निघते, ती क्रोमड्रायव्हर किंवा गेकोड्रायव्हर यांसारख्या मधल्या प्रोग्रामकडे जाते, तो ती ब्राउझरपर्यंत पोहोचवतो आणि उत्तर जेसन (JSON) या मजकुरी स्वरूपात त्याच वाटेने परत येते. या संभाषणाचे नियम म्हणजे वेबड्रायव्हर. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जून २०१८मध्ये त्यांना शिफारशीचा, म्हणजे मानकाचा, दर्जा दिला. यात ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की इथे दोन घड्याळे स्वतंत्रपणे चालत असतात. तुमच्या कोडच्या ओळी एका गतीने पुढे सरकतात. पानावरची जावास्क्रिप्ट, सर्व्हरची उत्तरे, ॲनिमेशन हे सारे दुसऱ्या गतीने चालते. तुमच्या ओळी पानाच्या पुढे धावल्या की चाचणी पडते, मागे राहिल्या की पास होते. कोण पुढे असेल हे त्या रात्री सर्व्हरवर किती ताण होता यावर ठरते. म्हणूनच पडणारी चाचणी रोज वेगळी असते.

स्लीप म्हणजे "तीन सेकंदांत सर्व्हर उत्तर देईल" हा अंदाज. उत्तर ४०० मिलिसेकंदांत आले तर उरलेला वेळ वाया जातो, आणि साडेतीन सेकंदांनी आले तर चाचणी पडते. तुमच्या १९० जागा प्रत्येकी एकदाच चालतात असे धरले तरी ५७० सेकंद, म्हणजे साडेनऊ मिनिटे, नुसती वाट पाहण्यात जातात. आणि लॉगिनसारख्या सामायिक पायऱ्यांत स्लीप असेल तर हा आकडा कितीतरी वाढेल.

आता "पान लोड झाले" या शब्दांविषयी, कारण पुष्कळसा गोंधळ तिथे आहे. सेलेनियमला तुम्ही एखादा पत्ता उघडायला सांगितला की ते मूळच्या मांडणीनुसार दस्तऐवजाची स्थिती पूर्ण होईपर्यंत थांबते. जुन्या पद्धतीच्या, प्रत्येक क्लिकला नवे पान आणणाऱ्या संकेतस्थळासाठी ते पुरेसे होते. आजच्या एकपानी ॲप्लिकेशनमध्ये मात्र दस्तऐवज पूर्ण होतो तेव्हा पानावर बहुधा रिकामा सांगाडाच असतो. खरी माहिती त्यानंतर वेगळ्या विनंत्यांनी येते आणि त्या विनंत्यांची सेलेनियमला खबर नसते. तेव्हा थांबायचे ते पानासाठी नव्हे, तर वापरकर्ता ज्या खुणेची वाट पाहील त्या खुणेसाठी. अर्ज जतन केल्यावर माणूस तीन सेकंद मोजत बसत नाही. तो यादीत आपली नोंद दिसण्याची वाट पाहतो. चाचणीनेही तेच करावे. सेलेनियममध्ये यासाठी वेबड्रायव्हरवेट आहे. तुम्ही दिलेली अट ते दर अर्ध्या सेकंदाला तपासते, अट पुरी झाली की तत्काळ पुढे जाते आणि दिलेली मुदत संपली तरच चूक कळवते.

इथे एक खाचखळगा आहे. पुष्कळ जण "फिरते चक्र नाहीसे होईपर्यंत थांब" अशी अट लिहितात. क्लिक केल्यानंतर ते चक्र उगवायलाच थोडा वेळ लागत असेल, तर पहिल्या तपासणीच्या वेळी ते पानावर नसतेच, अट लगेच पुरी होते आणि चाचणी काही घडण्याआधीच पुढे निघून जाते. म्हणून काय नाहीसे झाले यापेक्षा काय प्रकट झाले त्याची वाट पाहणे अधिक भरवशाचे.

आणखी एक. कोडच्या सुरुवातीला कुणी इम्प्लिसिट वेट, म्हणजे प्रत्येक घटक शोधताना लागू होणारी सरसकट मुदत, लावून ठेवले आहे का, ते पाहा. मूळचे मूल्य शून्य असते. ते बदलून ठेवले आणि शिवाय जागोजागी एक्स्प्लिसिट वेटही (वर सांगितलेले, नेमक्या अटीसाठीचे थांबणे) लिहिले, तर दोन्ही मुदती एकमेकींत गुंततात. सेलेनियमच्या अधिकृत दस्तऐवजातच उदाहरण दिले आहे की १० सेकंदांचे इम्प्लिसिट आणि १५ सेकंदांचे एक्स्प्लिसिट एकत्र वापरले तर मुदत २० सेकंदांनी संपू शकते. दोन्हींपैकी एकच ठेवा, आणि तो एक्स्प्लिसिट ठेवा.

नवशिकी

फार उपयुक्त प्रतिसाद. मी या कामात नवीन आहे, म्हणून एक विचारते. माझ्या चाचणीत घटक सापडतो, पुढच्याच ओळीत मी त्यावर क्लिक करते आणि "स्टेल एलिमेंट रेफरन्स" अशी चूक येते. स्क्रीनशॉटमध्ये ते बटण जागच्या जागी दिसते. मग ते शिळे कसे झाले?

शोधयात्री

स्क्रीनशॉटमध्ये दिसते ते बटण आणि तुम्ही शोधलेले बटण ही दोन वेगळी बटणे आहेत. घटक सापडला की ड्रायव्हर तुमच्या हाती त्याचा एक ओळखक्रमांक देतो आणि तो क्रमांक डॉममधल्या, म्हणजे ब्राउझरने स्मृतीत ठेवलेल्या पानाच्या रचनेतल्या, त्या एका नेमक्या गाठीशी बांधलेला असतो. त्यानंतर पानाच्या फ्रेमवर्कने यादी पुन्हा रेखाटली तर जुनी गाठ काढून टाकली जाते आणि तिच्या जागी हुबेहूब तशीच नवी गाठ बसते. डोळ्यांना फरक कळत नाही, पण तुमचा क्रमांक आता कुणाचाच नसतो.

यावर चूक पकडून पुन्हा क्लिक करण्याचा मार्ग अनेक जण काढतात. तसे करण्याआधी पान दोनदा का रेखाटले जाते ते पाहा. बहुधा आधी जुनी माहिती दिसते आणि सर्व्हरचे उत्तर आले की ती बदलते. तसे असेल तर तुमची चाचणी जुन्या यादीवर क्लिक करू पाहत आहे. नवी यादी आल्याची खूण शोधा, तिच्यासाठी थांबा, आणि घटक त्यानंतर शोधा. घटक आधी शोधून चलात साठवून ठेवण्याची सवय शक्यतो मोडावी.

ताळमेळ

साधन बदलण्याच्या प्रश्नावर मी वेगळे मत मांडतो, कारण साधनाच्या रचनेचा परिणाम आपण समजतो त्यापेक्षा मोठा असतो.

सेलेनियमचा आरंभ २००४ साली थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी केला. त्यांचे पहिले साधन जावास्क्रिप्टचे होते आणि ते थेट पानातच चालत असे. पानात राहिल्यामुळे ब्राउझरचे सुरक्षा-नियम आडवे येत, एका मूळस्थानाच्या (ढोबळमानाने, एका संकेतस्थळाच्या) पानावरून दुसऱ्या मूळस्थानाच्या पानात शिरता येत नसे. सायमन स्ट्युअर्ट यांच्या वेबड्रायव्हरने ब्राउझरला बाहेरून चालवण्याची वाट घेतली आणि २०११च्या सेलेनियम २मध्ये हे दोन प्रवाह एकत्र आले. सायप्रेस हे आणखी एक साधन पुन्हा आतल्या वाटेने गेले. तिथे चाचणी ॲप्लिकेशनच्या सोबतच ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे पानाच्या अंतरंगाशी तिची जवळीक मोठी, पण एकाच चाचणीत दोन टॅब चालवणे तिला जमत नाही. क्रोमच्या गटाने २०१७मध्ये पपेटिअर आणले, ते क्रोमला बाहेरून सूचना देण्याच्या क्रोम डेव्हटूल्स प्रोटोकॉलवर उभे होते. त्यावर काम केलेल्यांपैकी काही जण पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि जानेवारी २०२०मध्ये प्लेराइट बाहेर आले. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट हे तिन्ही चालवते.

तुमच्या दुखण्याच्या दृष्टीने प्लेराइटमधली महत्त्वाची गोष्ट ही, की क्लिक करण्याआधी ते स्वतःच काही अटी तपासते. घटक दिसतो का, तो स्थिर आहे का, तो चालू स्थितीत आहे का, आणि त्या जागी क्लिक केल्यास तो क्लिक त्यालाच मिळेल की वर पसरलेल्या दुसऱ्या एखाद्या थराला. स्थिर म्हणजे सलग किमान दोन फ्रेममध्ये घटकाची चौकट हललेली नसणे. शिवाय त्याचा लोकेटर म्हणजे सापडलेला घटक नसून घटक शोधण्याची कृती असते. प्रत्येक वापराच्या वेळी नव्याने शोध होतो, त्यामुळे नवशिकी यांनी विचारलेली चूक तिथे सहसा उद्भवत नाही. हे सारे सेलेनियममध्ये शिस्तीने लिहून मिळवता येते, हे मला मान्य आहे. पण चार जणांच्या गटात ३१० चाचण्यांमधून ती शिस्त रोज टिकवणे आणि साधनानेच ती पाळणे यांत फरक आहे.

शोधयात्री

ताळमेळ यांच्या माहितीशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी पूर्णपणे नाही. प्लेराइटचे आपोआप थांबणे हे घटकापुरते असते. बटण दिसते, स्थिर आहे, दाबता येते, एवढे त्याला कळते. त्या बटणामागचे ॲप्लिकेशन तयार आहे की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ज्यांनी "आता थांबण्याचा विचार करायला नको" असे समजून साधन बदलले, त्यांच्या चाचण्या कमी वेळा पडू लागल्या, पण पडल्या तेव्हा कारण शोधणे त्यांना अधिक जड गेले, कारण प्रश्न विचारण्याची सवय सुटली होती. नव्या चाचण्या प्लेराइटमध्ये लिहाव्यात, याला माझा विरोध नाही. जुन्या ३१० चाचण्या मात्र ओळीला ओळ उतरवून घेऊ नयेत, एवढेच म्हणणे आहे.

ताळमेळ

हे मान्य. ओळीला ओळ उतरवलेले मी पाहिले आहे, त्यात स्लीपही जसेच्या तसे उतरले होते.

कोरापान

थांबण्यावर पुरेशी चर्चा झाली आहे, म्हणून घटक ओळखायचा कसा यावर लिहिते. आठ-दहा पायऱ्यांचा एक्सपाथ, म्हणजे अमुक डिव्हमधल्या तिसऱ्या डिव्हमधला दुसरा स्पॅन, ही पानाच्या आजच्या मांडणीची नोंद असते. उद्या डिझायनरने एक चौकट वाढवली की ती खोटी ठरते. बिल्ड करताना आपोआप तयार होणारी क्लासची नावेही तशीच, ती पुढच्या बिल्डमध्ये बदललेली असू शकतात.

माझा क्रम असा आहे. शक्य तिथे घटकाची भूमिका आणि त्याचे वाचले जाणारे नाव यांवरून शोधावे : "जतन करा या नावाचे बटण", "ईमेल या लेबलाची चौकट". स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती पानावरून अशाच रीतीने फिरते, त्यामुळे अशी चाचणी लिहिता आली नाही तर बहुधा त्या पानावर लेबलच नीट जोडलेले नसते, आणि तो एक वेगळा, दुरुस्त करण्याजोगा दोष चाचणी लिहिता लिहिताच हाती लागतो. मला या पद्धतीचे सर्वांत मोठे मोल यात वाटते. जिथे असे नाव नसते, उदाहरणार्थ आलेखाचा एखादा तुकडा, तिथे खास चाचणीसाठी ठेवलेले डेटा-टेस्टआयडी वापरावे आणि ते विकसकांशी ठरवून ठेवावे.

अक्षरधुंडी

कोरापान यांच्या सूचनेला देवनागरीत एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे, कारण मराठी मजकुरावरून घटक शोधणाऱ्याला यात दिवसच्या दिवस घालवावे लागू शकतात. मी घालवले आहेत.

डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द असू शकतो. "ॲप" या शब्दातले पहिले अक्षर एकाच संकेतांकाने लिहिता येते किंवा अ आणि त्यावर स्वतंत्र चंद्र अशा दोन संकेतांकांनी. युनिकोडच्या दृष्टीने ही दोन रूपे समतुल्य नाहीत, त्यामुळे सामान्यीकरण, म्हणजे समतुल्य रूपे एका ठरावीक रूपात आणणे, करूनही ती एक होत नाहीत. "ऱ" हे अक्षर एक संकेतांक म्हणूनही येते आणि र अधिक नुक्ता असेही येते. ही दोन मात्र समतुल्य आहेत आणि एनएफसी या प्रकारच्या सामान्यीकरणाने एकरूप होतात. "दुसऱ्या" या शब्दातला अर्धा र काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त वापरून लिहितात, तर काही र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर वापरून. आणि ही जोडी एनएफसीने जुळत नाही. भाषांतर करणाऱ्याचा कीबोर्ड एक आणि चाचणी लिहिणाऱ्याचा दुसरा असला, की "दुसऱ्या पानावर जा" हे बटण पडद्यावर स्वच्छ दिसत असूनही चाचणीला सापडत नाही.

उपाय सोपा आहे. चाचणीत शब्द हाताने टंकू नयेत. ॲप्लिकेशन ज्या भाषांतर-फाइलमधून तो मजकूर घेते, त्याच फाइलमधून चाचणीनेही घ्यावा.

आकड्यांचेही तसेच. ब्राउझरमधील आंतरराष्ट्रीय स्वरूपणाची सोय मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) असेल तर आकडे देवनागरीत देते. प्लेराइटचा मूळचा लोकेल अमेरिकन इंग्रजी असतो. विकसकाच्या यंत्रावर "१,२३४" दिसते आणि चाचणीत तीच किंमत इंग्रजी आकड्यांत येते. लोकेल आणि कालविभाग हे दोन्ही चाचणीच्या मांडणीत उघडपणे लिहून ठेवावेत, यंत्रावर सोपवू नयेत.

नवशिकी

हे माहीतच नव्हते. आमच्या "ॲडमिन" शब्दाचे कोडे आज उलगडले. मनापासून आभार.

गिरणकाठ

पायवाट यांनी चाचण्या रात्री आपोआप चालतात असे लिहिले आहे, म्हणून विचारतो : या चाचण्या कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात, चालतात का? आणि सर्व चाचण्या एकाच खात्याने लॉगिन करतात का?

पायवाट

दोन्हींचे उत्तर होय असे आहे. एकाच वेळी सहा चाचण्या समांतर चालतात आणि सर्वांसाठी एकच चाचणी-खाते आहे.

गिरणकाठ

मग तुमच्या काही नापास चाचण्यांचा थांबण्याशी संबंध नसावा. एक चाचणी यादीत "एकूण पाच नोंदी" असल्याची खात्री करत असताना शेजारची चाचणी त्याच खात्यात सहावी नोंद घालत असेल, तर पहिली चाचणी पडणारच, आणि एकटी चालवली की पास होणारच. ब्राउझर दरवेळी नवा उघडल्याने चाचण्या वेगळ्या होत नाहीत. कुकी वेगळ्या झाल्या तरी मागचा डेटाबेस एकच राहतो. प्रत्येक चाचणीने स्वतःची माहिती स्वतः निर्माण करावी, तिच्या नावात न जुळणारा एखादा क्रमांक घालावा आणि एकूण संख्या न मोजता आपलीच नोंद शोधावी. ही निर्मिती पडद्यावरून न करता एपीआयमधून, म्हणजे सर्व्हरला थेट विनंती पाठवून, करावी. लॉगिनचा पडदा तपासणारी एक चाचणी असली की पुरे. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी तोच पडदा भरत बसण्याऐवजी सत्राची कुकी आधीच लावून घ्यावी. चाचण्यांचा क्रम मुद्दाम उलटसुलट करून एकदा चालवून पाहा. कोण कुणावर विसंबून आहे ते त्याच दिवशी कळेल.

कंटेनरविषयी तीन गोष्टी तपासा. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात सामायिक स्मृतीची जागा मूळची ६४ एमबी असते. क्रोमला ती अपुरी पडते आणि जड पानावर टॅब अचानक कोसळतो. ती जागा वाढवा किंवा क्रोमला ती न वापरण्याचा पर्याय द्या. दुसरी गोष्ट खिडकीच्या मापाची. क्रोमच्या हेडलेस, म्हणजे पडद्यावर खिडकी न दाखवता, चालण्याचे मूळचे माप ८०० बाय ६०० असायचे. एवढ्या रुंदीत अनेक पाने मोबाइलची मांडणी घेतात, मेनू एका चिन्हामागे लपतो आणि चाचणीला तो सापडत नाही. माप नेहमी स्वतः ठरवून द्या. तिसरी, क्रोम ११२च्या आधीचा हेडलेस ब्राउझर ही खऱ्या क्रोमपेक्षा वेगळी अंमलबजावणी होती. त्या आवृत्तीपासून नेहमीच्या क्रोमचेच हेडलेस रूप मिळू लागले. कंटेनरची जुनी प्रतिमा (इमेज) वापरत असाल तर ती बदला. देवनागरी पानांचे स्क्रीनशॉट जुळवत असाल तर कंटेनरमध्ये फॉन्टही हवा, नाहीतर अक्षरांच्या जागी चौकोन येतात आणि मजकुराची चाचणी तरीही पास होते.

कोरापान

पुन्हा चालवण्याच्या सवयीविषयी कुणी बोलले नाही. नापास चाचणी आपोआप पुन्हा चालवण्याची सोय आज बहुतेक साधनांत आहे. ती पूर्ण बंद करावी का?

शोधयात्री

बंद करावी असे माझे मत नाही. तिच्यामुळे माहिती झाकली जाऊ नये, असे आहे. प्लेराइट दुसऱ्या प्रयत्नात पास झालेल्या चाचणीला अहवालात फ्लेकी या वेगळ्या गटात दाखवते, हिरव्यात मिसळत नाही. सेलेनियमसोबत तुम्ही जो चाचणी-चालक वापरता, त्यातही अशी नोंद ठेवता येते. पहिल्या पडण्याच्या वेळचा पुरावा जपून ठेवा : स्क्रीनशॉट, कन्सोलवरच्या चुका, नेटवर्कच्या विनंत्यांची नोंद. दुसऱ्या प्रयत्नात पास झाल्यावर पहिल्या प्रयत्नाचा पुरावा पुसला जात असेल, तर तुमच्या हाती कधीच काही लागणार नाही. आमच्या गटात अशा प्रत्येक चाचणीवर एका व्यक्तीचे नाव लागते आणि दोन आठवड्यांत कारण सापडले नाही तर ती चाचणी मुख्य संचातून बाहेर ठेवली जाते. बाहेर ठेवली म्हणजे ती गोष्ट आता तपासली जात नाही, हे सर्वांना दिसेल अशा जागी लिहिलेले असते.

पायवाट, अर्ज जतन करण्याच्या ज्या चाचणीचा तुम्ही उल्लेख केला, तिचे कारण शेवटी काय निघाले? विकसकांनी काय दुरुस्त केले?

पायवाट

त्या वेळी सर्व्हरची मुदत वाढवली होती आणि तक्रारी कमी झाल्या होत्या. तुमच्या प्रश्नामुळे आता मला खात्री वाटत नाही. ती चाचणी पुन्हा उघडून पाहतो.

पायवाट (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार मानून सविस्तर लिहितो.

आधी प्रत्येक चाचणीला वेगळे खाते दिले आणि माहिती एपीआयमधून तयार करू लागलो. एवढ्यानेच रोज पडणाऱ्या चाचण्या निम्म्याहून कमी झाल्या, म्हणजे गिरणकाठ यांचा अंदाज अचूक होता. स्लीपच्या १९० जागांपैकी १७२ जागी आता नेमकी अट आहे. हे काम कंटाळवाणे आहे, कारण प्रत्येक जागी "इथे आपण नेमके कशाची वाट पाहत होतो?" हे विचारावे लागते आणि काही ठिकाणी त्याचे उत्तर गटात कुणालाच देता आले नाही. तशा अकरा जागी स्लीप नुसता काढून टाकला आणि काहीही बिघडले नाही. सात जागा अजून तशाच आहेत. इम्प्लिसिट वेट २० सेकंदांचे लावलेले सापडले, ते काढले.

आता त्या अर्जाच्या चाचणीविषयी. तिच्यात "जतन करा" बटणाआधी तीन सेकंदांचा स्लीप होता. तो काढून बटण दिसण्याची आणि चालू असण्याची अट लावली, तर चाचणी आधीपेक्षा जास्त वेळा पडू लागली. गटातील एकाने स्लीप परत लावण्याचे सुचवले. त्याऐवजी आम्ही नेटवर्कची नोंद पाहिली. नापास झालेल्या प्रत्येक वेळी क्लिक झाला होता, पण सर्व्हरकडे विनंतीच गेली नव्हती. सर्व्हरची मुदत वाढवण्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. तक्रारी कमी झाल्या तो बहुधा योगायोग असावा.

कारण असे निघाले. आमचे पान सर्व्हरवर तयार होऊन येते, त्यामुळे बटण ताबडतोब दिसते. त्या बटणाला कृती जोडणारी जावास्क्रिप्ट मागाहून उतरते. या दोन क्षणांमधल्या काळात बटण दिसते, स्थिर असते, दाबताही येते, आणि दाबल्यावर काहीही होत नाही. आमच्या जलद यंत्रांवर हा काळ जाणवत नव्हता. संथ जोडणीवर अर्ज पुन्हा उघडून लगेच जतन करणाऱ्या व्यक्तीला तो सहज गाठत होता. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेला तो तीन सेकंदांचा स्लीप याच दोषावर पांघरूण घालत होता.

विकसकांनी आता ते बटण सर्व्हरकडून येतानाच बंद ठेवले आहे आणि कृती जोडली गेली की ते चालू होते. चाचणीतली अट आम्ही बदललेली नाही, पण तिच्यासाठी नेटवर्क मुद्दाम मंद करून ती रोज एकदा वेगळी चालवतो. गेल्या सोळा रात्री ती पडलेली नाही. उरलेल्या सात स्लीपपैकी चार फाइल चढवण्याच्या पडद्यावर आहेत. तिथे थांबण्याजोगी कोणतीच खूण पानावर दिसत नाही, आणि फाइल पूर्ण चढली हे मग वापरकर्त्याला तरी कसे कळते, असा प्रश्न आम्ही विकसकांपुढे ठेवला आहे.